कथा हाताने लिहायची की टाइप करायची? खर्ड्यापासून मुद्रणप्रतीपर्यंत

नव्याने कथा लिहू लागलेले लोक हा प्रश्न हमखास विचारतात आणि उत्तर देणारे बहुधा आपापल्या सवयीची वकिली करतात. शाईपेनवाले कागदाच्या स्पर्शाबद्दल बोलतात, लॅपटॉपवाले वाचलेल्या वेळेबद्दल. दोघांचंही ऐकून घ्यावं. पण मराठीत लिहिणाऱ्यापुढे एक वेगळीच अडचण असते, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आपल्यापैकी बरेचजण रोमन अक्षरं दाबून देवनागरी उमटवतात. बोट आणि शब्द यांच्यामध्ये सूचनांची एक पट्टी बसलेली असते. तिला वर्तमानपत्री मराठी चांगली येते. तुमच्या कथेतल्या म्हातारीची मराठी तिला येत नाही.

म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. कथेचा पहिला खर्डा हाताने लिहावा. दुसरा खर्डा म्हणजे तो स्वतः टाइप करणं. शेवटची दुरुस्ती छापलेल्या कागदावर, पुन्हा पेनाने. कादंबरीला आणि काही माणसांना हा क्रम लागू पडत नाही, त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आधी स्वतःला तपासा

एकाच कथेतले दोन प्रसंग निवडा. दोन्हींत दोन माणसं बोलत असावीत, म्हणजे तुलना नीट होते. एक प्रसंग वीस मिनिटं हाताने लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला दुसरा प्रसंग वीस मिनिटं टाइप करा. मग शब्द मोजा, पण तेवढ्यावर थांबू नका. टाइप केलेल्या मजकुरात पहिला परिच्छेद किती वेळा पुसून पुन्हा लिहिला ते आठवा. पडद्यावर मजकूर पहिल्या मिनिटापासून छापल्यासारखा दिसतो, त्यामुळे हात मागे जाऊन तोच परिच्छेद घासत बसतो आणि प्रसंग पुढे सरकतच नाही. तुमचं असं झालं असेल तर कागद तुमच्या सोयीचा आहे. उलट हाताने लिहिताना पात्रांचं बोलणं डोक्यात पुढे पळत असेल, हात मागे राहून निम्मे संवाद निसटत असतील आणि तुमची बोटं कीबोर्डवर सराईत असतील, तर टाइप करा. उगाच शाईपेनाचा हट्ट धरू नका.

या वादात हाताने लिहिणाऱ्याला विषय जास्त समजतो असं सांगणारा २०१४ सालचा म्युलर आणि ओपनहायमर यांचा अभ्यास वारंवार पुढे केला जातो. तो व्याख्यानाची टिपणं घेणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दल होता, कथालेखकांबद्दल नव्हे. त्यातले निष्कर्ष नंतरच्या पुनर्प्रयोगांत तितक्या ठळकपणे दिसलेही नाहीत. तेव्हा हाताने लिहिल्यावर मेंदू अमुक टक्के जास्त चालतो वगैरे सोडून द्या. तुमचे दोन प्रसंग समोर आहेत, तेवढा पुरावा पुरे.

कागद आणि पेन

महागडी चामडी वही घेऊ नका. तिच्यात वाकडं अक्षर काढायला जीव धजत नाही, आणि खर्ड्यात अक्षर वाकडं यायलाच हवं. पाठकोरे कागद सर्वांत उत्तम. छापखान्यातून, झेरॉक्सच्या दुकानातून, ऑफिसच्या रद्दीतून ते फुकट मिळतात आणि फुकटच्या कागदावर माणूस मोकळा लिहितो. सुटे कागद नको असतील तर साधी रेघी वही घ्या, पण लिहा उजव्या हाताच्या पानावरच. डावं पान कोरं ठेवा. नंतर सुचलेला संवाद, बदललेलं नाव, ‘हे आधीच्या प्रसंगात न्या’ अशी सूचना यांना तिथे जागा मिळते.

जुन्या मासिकांच्या लेखकांना असलेल्या सूचना आठवत असतील: मजकूर कागदाच्या एकाच बाजूस, सुवाच्य अक्षरात, समास सोडून लिहावा. छापखान्यात पानं वेगवेगळ्या जुळाऱ्यांमध्ये, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांमध्ये, वाटली जात, म्हणून एक बाजू कोरी हवी असे. खिळे गेले, तरी नियम आजही कामाचा आहे. एका बाजूला लिहिलेले कागद तुम्ही जमिनीवर मांडून प्रसंगांचा क्रम बदलू शकता, गरज पडली तर कात्रीने कापून चिकटवू शकता. पाठपोट लिहिलंत की ते गेलं.

समासाबद्दल समर्थ रामदासांनीही सांगून ठेवलं आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास (इथे समास म्हणजे प्रकरण) लेखनक्रियेवरच आहे. भोवती जागा सोडावी, म्हणजे पुढेमागे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही, असा त्यातला सल्ला आहे. ग्रंथ संपेपर्यंत अक्षर पहिल्या अक्षरासारखंच राहावं, सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसावं, असंही ते म्हणतात. पण हे पक्क्या प्रतीबद्दल आहे. ग्रंथांच्या नकला हातानेच होत त्या काळी ती प्रत टिकायची होती. आपला खर्डा महिन्याभरात टाइप होणार आहे. कडेचा समास मात्र त्यांच्याकडून उचला आणि चांगला चार बोटं ठेवा, कारण तो आपल्याला दुरुस्त्यांसाठी लागणार आहे.

पेनाबद्दल एवढंच, की दाब कमी लागणारं घ्या. बॉलपेन दाबून चालवावं लागतं आणि तासाभरात अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागतं. जेल किंवा शाईपेन हलकं चालतं, पण पातळ रद्दी कागदावर शाई फुटते. पावसाळ्यात लोकलने किंवा एसटीने जाता-येता लिहिणार असाल तर मात्र बॉलपेन किंवा पेन्सिलच बरी. पाण्यात विरघळणारी शाई असलेलं पान एका सरीत धुऊन निघतं.

खर्डा लिहिताना

प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात कथेचं तात्पुरतं नाव, पानाचा आकडा आणि तारीख घाला. हे लिहायला बसल्याबरोबर करा, उठताना करू म्हणालात की राहतं.

मग थांबायचं नाही. शब्द आठवत नसेल तर तिथे एक चौकोन काढा आणि पुढे जा. गावाचं नाव ठरलं नसेल तर ‘गाव’ एवढंच लिहा. माहिती हवी असेल, उदाहरणार्थ १९७२च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर सुकडी कशी वाटत, तर समासात एक प्रश्नचिन्ह टाका. फोन उचलून शोधायला गेलात की अर्धा तास गेलाच समजा, आणि परत येईपर्यंत पात्र गप्प झालेलं असतं.

खोडताना एकच आडवी रेघ मारा. गिरवून काळं करू नका. दुसऱ्या वाचनात खोडलेला शब्दच बरा होता असं पुष्कळदा लक्षात येतं, आणि हाताच्या खर्ड्याचा खरा फायदा इथे आहे. पडद्यावर पुसलेलं नाहीसं होतं, कागदावर खोडलेलं वाचता येतं. मधे शब्द घालायचा असेल तर शाळेत शिकलेलं काकपद (^) वापरा. आख्खा परिच्छेद घालायचा असेल तर काकपदाजवळ ‘क’ लिहून डाव्या पानावर ‘क’खाली तो परिच्छेद लिहा, पुढचा ‘ख’, त्यापुढचा ‘ग’.

रोजचं लिखाण प्रसंगाच्या शेवटी थांबवू नका. कुणीतरी दार वाजवलं आहे आणि आतून आवाज यायचा आहे, अशा ठिकाणी उठा. दुसऱ्या दिवशी सुरुवात शोधावी लागत नाही. हा सल्ला जुना आहे नि पुष्कळांनी दिलेला आहे, पण हाताने लिहिणाऱ्याला तो जास्त उपयोगी पडतो, कारण कागदावर कोरं पान खरोखरच कोरं असतं.

उठण्यापूर्वी त्या दिवशीच्या पानांचे फोनने फोटो काढून ठेवा. कागदाची दुसरी प्रत नसते. एके काळी लोक कार्बन घालून लिहीत.

अंदाजासाठी म्हणून सांगतो: मध्यम अक्षरात, समास सोडून, रेघी ए-फोर पानावर साधारण दोनशे ते अडीचशे शब्द बसतात. म्हणजे तीन हजार शब्दांची कथा बारा ते पंधरा पानांची. तुमच्या अक्षराचा हिशेब एकदा मोजून घ्या. पानांवरून कथेची लांबी कळू लागली की दिवाळी अंकासाठी मर्यादा पाळणं सोपं जातं.

मधला थांबा

खर्डा पूर्ण झाला की लगेच टाइप करायला बसू नका. चार-आठ दिवस पानं बाजूला ठेवा. मग मोठ्याने वाचा, हातात वेगळ्या रंगाचं पेन घेऊन. वाचताना जिथे जीभ अडते तिथे फक्त समासात रेघ ओढा, दुरुस्ती करू नका. प्रसंगांना आकडे द्या. एका कागदावर प्रत्येक प्रसंगाची एक ओळ लिहून काढा. बऱ्याच कथांत पहिली दोन पानं लेखकाने स्वतःला कथा समजावून सांगण्यासाठी लिहिलेली असतात, आणि ती या टप्प्यावर दिसतात.

टाइप करणं म्हणजे दुसरा खर्डा

हे काम दुसऱ्याला देऊ नका. डीटीपीवाला स्वस्तात आणि झटपट करून देईल, पण तो तुमचं वाक्य जसंच्या तसं उतरवेल. तुम्ही स्वतः टाइप करता तेव्हा प्रत्येक वाक्य पुन्हा तुमच्या हातातून जातं. जे वाक्य टाइप करायचा कंटाळा येतो ते बहुधा वाचकालाही कंटाळवाणं वाटणार असतं. ते गाळा आणि पुढे जा. कागद डावीकडे उभा टेकवून ठेवा, पडद्याकडे कमीत कमी बघा.

आता कीबोर्ड. तीन मार्ग आहेत. रोमनमधून लिप्यंतर करणारा सगळ्यांना येतो, म्हणून तोच वापरला जातो. दुसरा जुन्या टाइपरायटरच्या धर्तीचा, रेमिंग्टन. तो शिकलेल्यांच्या बोटांत मुरलेला असतो, त्यांनी बदलायची गरज नाही. तिसरा इन्स्क्रिप्ट. माझ्या मते कथा लिहिणाऱ्याने हा शिकून घ्यावा. विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड सगळीकडे तो मिळतो आणि फुकट मिळतो. त्याची मांडणी सरळ आहे: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतांशी उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळीवर, ख साठी शिफ्ट. ग-घ, त-थ, द-ध, प-फ, ब-भ यांचंही तसंच. ल आणि ळ एका कळीवर. हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह, डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, म्हणजे इंग्रजी डी च्या कळीवर. रोज थोडा वेळ दिलात तर काही आठवड्यांत बोटं बसतात. एक गोष्ट सुरुवातीला खटकते: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, पण दाबायची नंतर. टाइपरायटरवर ती आधी दाबावी लागे, म्हणून जुन्या टंकलेखकांना हे जास्त जड जातं.

ऱ्य कसा उमटवायचा, हे विचारणारे पुष्कळ भेटतात. दऱ्या, सुऱ्या, म्हाताऱ्या, पायऱ्या यांच्याविना मराठी कथा होत नाही. इन्स्क्रिप्टमध्ये र ची कळ शिफ्टसह दाबली की नुक्त्याचा ऱ येतो, मग हलन्त, मग य. नुसता र वापरलात तर रफार येतो आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगर चढणारा माणूस समुद्रात जातो.

इन्स्क्रिप्टचा आग्रह धरण्याचं कारण वेगापेक्षा सूचनापट्टीशी जोडलेलं आहे. समजा खर्ड्यात तुम्ही लिहिलं आहे:

‘आरं, यीवून टेकला न्हाईस तवर निघालाबी?’

लिप्यंतराच्या कीबोर्डवर हे टाइप करू लागलात की पट्टी ‘अरे’ पुढे करते, मग ‘येऊन’, मग ‘नाहीस’. प्रत्येक शब्दाला भांडावं लागतं. दहा शब्दांत तुम्ही भांडता, अकराव्याला दमून जे येईल ते स्वीकारता. शेवटी हाती येतं: ‘अरे, येऊन टेकला नाहीस तोवर निघालाससुद्धा?’ अर्थ तोच, पण बोलणारी बाई बदलली. ती आता सदाशिव पेठेत राहते. वऱ्हाडी ‘काहून’, मालवणी ‘खंय’ यांची हीच गत. खर्डा हातचा असेल तर मूळ शब्द कागदावर शाबूत असतो आणि ताडून पाहता येतो. थेट टाइप केला असेल तर पात्र कधी शहरात राहायला गेलं ते तुम्हालाही कळत नाही.

इन्स्क्रिप्ट शिकायचं नसेल तर निदान एवढं करा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन आपोआप होणारी दुरुस्ती बंद करा. पात्रांचे नेहमीचे शब्द वैयक्तिक शब्दकोशात घालून ठेवा. टाइप झाल्यावर निवेदन सोडून फक्त संवाद खर्ड्याशी ताडून पाहा, एका वेळी एकाच पात्राचे. पात्राची बोली पहिल्या पानावर एक नि शेवटच्या पानावर दुसरी, ही चूक अशाच वाचनात सापडते.

फॉन्टकडेही लक्ष द्या. काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात आणि आपलीच कथा परक्या कपड्यांत आल्यासारखी वाटते. राज्य मराठी विकास संस्थेने उपलब्ध करून दिलेल्या यशोमुद्रासारख्या फॉन्टमध्ये मराठी वळण मिळतं. फाइलची भाषा मराठी निवडली तर काही फॉन्ट आपोआप योग्य आकार दाखवतात.

फोन, आवाज आणि फोटोतून मजकूर

फोनवर लिहिणारे आता खूप आहेत आणि त्यात कमीपणा काही नाही. ठाण्याहून उभ्याने येणाऱ्या माणसाला दुसरा पर्याय नसतो. एक धोका ध्यानात ठेवा: छोट्या पडद्यावर पाच ओळींचा परिच्छेदही भिंतीसारखा दिसतो, म्हणून तो तुटत जातो. फोनवर लिहिलेल्या कथा दोन-दोन वाक्यांच्या परिच्छेदांनी भरलेल्या असतात. मोठ्या पडद्यावर उघडून परिच्छेद पुन्हा जोडून पाहा.

बोलून लिहिण्याची परंपरा आपल्याकडे जुनी. ज्ञानेश्वरीच्या अखेरच्या ओवीतच सच्चिदानंदबाबा लेखक, म्हणजे उतरवून घेणारे, झाल्याची नोंद आहे, शके १२१२ची. इंग्रजीतले कादंबरीकार हेन्री जेम्स मनगट दुखू लागल्यावर १८९७च्या सुमारास टंकलेखकाला मजकूर सांगू लागले, आणि त्यांची आधीच लांब असलेली वाक्यं त्यानंतर आणखी लांबली असं मानलं जातं. आजचं बोलून-टाइप फोनवर मराठीत बरं चालतं, पण विरामचिन्हं पुष्कळदा सोडून देतं, आणि बोलीतला शब्द ऐकला की त्याच्या जवळचा प्रमाण शब्द लिहितं. मी ते फक्त चालताना सुचलेल्या गोष्टी टिपायला वापरतो. हात दुखत असेल, सांधेदुखी असेल, तर मात्र बोलून लिहिणं हाच पहिला मार्ग करा. कुटुंबातलं कुणी उतरवून घ्यायला तयार असेल तर यंत्रापेक्षा ते चांगलं.

हस्तलिखिताचा फोटो काढून त्यातून मजकूर मिळवणारी ॲपं देवनागरी छापील अक्षर चांगलं ओळखतात. हातचं अक्षर, तेही खाडाखोडीचं आणि काकपदांनी भरलेलं, ओळखताना पुष्कळदा गडबड करतात. शिवाय यात दुसऱ्या खर्ड्याचा टप्पाच गळतो. जुन्या वह्या जतन करायला ती वापरा, चालू कथेला नको.

थेट टाइप कधी करावं

कादंबरी. पन्नास-साठ हजार शब्द हाताने लिहून पुन्हा टाइप करणं म्हणजे बहुतेक नोकरदारांसाठी एक जास्तीचं वर्ष. तिथे प्रकरणांचा आराखडा, पात्रांच्या नोंदी आणि अडलेले प्रसंग हाताने लिहा, बाकी टाइप करा. टाइप करताना एखादा प्रसंग तिसऱ्यांदा अडला की फाइल बंद करून तेवढाच प्रसंग कागदावर उतरवा. तसंच, मजकूर सतत मागेपुढे हलवावा लागतो अशा कथा, म्हणजे काळाचा क्रम मोडलेल्या किंवा रहस्यकथा, पडद्यावर सोप्या जातात.

थेट टाइप करणार असाल तर फाइलच्या नावात तारीख घाला आणि दर आठवड्याला नवी प्रत करा. ‘कथा अंतिम’, ‘कथा अंतिम नवी’, ‘कथा खरंच अंतिम’ अशी नावं प्रत्येकाच्या संगणकात असतात. गाळलेले परिच्छेद पुसू नका, ‘उरलेलं’ नावाच्या वेगळ्या फाइलीत टाका.

छापून दुरुस्ती, आणि पाठवणं

टाइप झालेली कथा दीडपट ओळअंतर ठेवून छापा. छापताना फॉन्ट बदला. नेहमीचा फॉन्ट डोळ्याला इतका सरावाचा झालेला असतो की चुका दिसेनाशा होतात. आता पेन घ्या आणि एका बैठकीत वाचा. या वाचनात ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार पाहा, पण त्याआधी नावं पाहा. दुसऱ्या पानावरची शांता नवव्या पानावर शालिनी झालेली नाही ना?

पाठवण्याआधी संपादकांना विचारा की युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणारा मजकूर, चालेल का. बहुतेक अंक युनिकोड मजकूर घेतात, पण मांडणी अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये करणारे आहेत. तुमची युनिकोड फाइल तिथे रूपांतरित होते आणि त्या वाटेत अक्षरं बिघडतात. म्हणून फाइलीसोबत पीडीएफ जोडाच, म्हणजे मूळ कसं दिसायला हवं ते मांडणी करणाऱ्याला कळेल. हस्तलिखित अजूनही घेणारे संपादक आहेत. त्यांना पाठवणार असाल तर खर्डा नको, पक्की प्रत करा, एका बाजूला लिहून, आणि तिची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा.

मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रुफं, तपासायला आली तर पहिल्या ओळीपासून वाचत बसण्याआधी ठरावीक जागा शोधा. ऱ्य चे सगळे शब्द. ‘ॲ’ने सुरू होणारे शब्द, कारण रूपांतरात त्यावरचा चंद्र उडतो किंवा पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो. रफार एक अक्षर सरकलेला. उघडलेली पण न मिटलेली अवतरणं. आणि बोलीतले संवाद, कारण एखादा कष्टाळू मुद्रितशोधक ‘न्हाई’चं ‘नाही’ करून ठेवतो. तसं झालं असेल तर प्रत्येक ठिकाणी समासात ‘मूळ ठेवावे’ असं लिहा.

हातचा खर्डा अंक छापून हाती येईपर्यंत रद्दीत टाकू नका. मुद्रितात एखादं वाक्य चमत्कारिक वाटलं की ते मुळात काय होतं हे फाइलीतून कळत नाही, कारण फाइलीतही तेच चमत्कारिक वाक्य असतं.